अँटिऑक्सिडंटही आणि पेशीघातकही: चित्रकमुळाच्या चार अर्कांचं प्रकरण

चित्रकाच्या मुळाचा लेप कातडीवर जरा जास्त वेळ राहिला तर तिथे भाजल्यासारखा फोड येतो. पंचकोलात आणि चित्रकादि वटीत हेच मूळ भूक वाढवायला, अन्न पचवायला घालतात, पण थोड्या मात्रेत आणि शोधन करून, म्हणजे आधी त्याचा विषारी जोर कमी करून. गर्भवतीला ते देऊ नये, हे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. असं मूळ प्रयोगशाळेत गेलं की त्याच्यावर हमखास दोन शिक्के बसतात. एक अँटिऑक्सिडंट, दुसरा पेशीघातक. प्रबंधाच्या सारांशात हे दोन्ही शिक्के बरेचदा एकाच वाक्यात येतात आणि त्यांच्या मध्ये ‘त्यामुळे’ हा शब्द बसलेला असतो. हे प्रकरण त्या ‘त्यामुळे’चं आहे.

आधीच सांगून ठेवतो की प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. यातली विद्यार्थिनी, परीक्षक आणि अर्कांचे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. रसायनशास्त्र, चाचण्यांची तत्त्वं आणि त्यांच्या खोडी मात्र खऱ्या आहेत. अशा विषयावरचे प्रबंध ज्यांनी वाचले असतील त्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील.

प्रबंधात काय होतं

पांढऱ्या चित्रकाची, म्हणजे प्लम्बॅगो झेलॅनिकाची, वाळलेली मुळं दळून त्या भुकटीतून एकामागून एक चार द्रावकांनी अर्क काढले होते: आधी हेक्झेन, मग इथाइल अॅसिटेट, मग मिथेनॉल, शेवटी पाणी. हा क्रम मुद्दाम असतो. तेलकट, अध्रुवीय रेणू आधी निघून जातात आणि टॅनिन, फिनॉलिक आम्लं, शर्करा असा ध्रुवीय माल मागाहून येतो. एकाच मुळाचे चार अर्क म्हणजे रासायनिकदृष्ट्या चार वेगवेगळ्या वस्तू, हे इथे पक्कं लक्षात ठेवायचं. पुढचा घोळ ते विसरल्यामुळेच झाला.

अँटिऑक्सिडंट क्षमतेसाठी डीपीपीएच चाचणी केली होती. डीपीपीएच हा जांभळा, स्थिर मुक्त मूलक, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू. त्याला कुणी हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिला की जांभळा रंग जाऊन पिवळट होतो आणि ५१७ नॅनोमीटरला होणारं प्रकाशाचं शोषण घटतं. निम्मा रंग घालवायला लागणारी मात्रा म्हणजे आयसी-५०. तो आकडा जितका लहान तितका अर्क जोरदार. मिथेनॉल अर्काचा आयसी-५० निघाला मिलिलीटरला ४२ मायक्रोग्रॅम, पाण्याच्या अर्काचा ७०, इथाइल अॅसिटेटचा ८५. हेक्झेन अर्काने ४०० मायक्रोग्रॅमलाही जेमतेम ३० टक्के रंग घालवला, म्हणजे त्याचा आयसी-५० निघालाच नाही. तुलनेला घेतलेल्या अॅस्कॉर्बिक आम्लाचा आकडा ५ होता.

पेशीघातक गुणासाठी हेला पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर, ४८ तासांची एमटीटी चाचणी. इथे निम्म्या पेशी मारणाऱ्या मात्रेला आयसी-५० म्हणतात. इथे क्रम उलटा लागला. हेक्झेन अर्क ९ मायक्रोग्रॅमला निम्म्या पेशी मारत होता, इथाइल अॅसिटेट २२ला, मिथेनॉल २४०ला. पाण्याच्या अर्काने ५०० मायक्रोग्रॅमपर्यंत निम्मा टप्पा गाठलाच नाही. माणसाच्या त्वचेतल्या निरोगी फायब्रोब्लास्ट पेशींवर हेक्झेन अर्काचा आकडा १४ आला.

आणि निष्कर्षाचं वाक्य असं होतं: ‘चित्रकमुळाचे अर्क प्रबळ अँटिऑक्सिडंट असून त्यामुळे ते कर्करोगाच्या पेशी निवडकपणे नष्ट करतात.’

बहिःस्थ परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. ‘सगळ्यात चांगला अँटिऑक्सिडंट अर्क कोणता आणि सगळ्यात घातक कोणता, हे जरा शेजारी-शेजारी लिहून दाखवाल का?’ विद्यार्थिनीने लिहिलं. मिथेनॉल अर्क पहिल्या यादीत अव्वल, दुसरीत तिसरा. हेक्झेन अर्क दुसरीत अव्वल, पहिलीत नापास. ‘सर, मग ते “त्यामुळे” टिकत नाही,’ ती स्वतःच म्हणाली. प्रबंध दुरुस्तीसाठी परत गेला.

मारतंय कोण

चित्रकमुळाबद्दल बोलताना प्लम्बॅजिनचं नाव टाळता येत नाही. ५-हायड्रॉक्सी-२-मिथाइल-१,४-नॅफ्थोक्विनोन, रेणूभार १८८, पिवळे-नारिंगी सुईसारखे स्फटिक. कातडीवर फोड आणणारा तोच. तो तेलकट द्रावकात सहज विरघळतो, पाण्यात अगदी थोडा. म्हणजे हेक्झेनमध्ये तो सगळ्यात जास्त येणार, हे प्रयोग न करताही सांगता येतं.

दुरुस्तीचं पहिलं काम म्हणून प्रत्येक अर्कातलं प्लम्बॅजिन एचपीएलसीने, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने, मोजलं. हेक्झेन अर्कात वजनाने ८ टक्के, इथाइल अॅसिटेटमध्ये ३.२ टक्के, मिथेनॉलमध्ये ०.४ टक्के, पाण्यात सापडण्याजोगं नाही. आता साधा गुणाकार. हेक्झेन अर्काचे ९ मायक्रोग्रॅम घेतले तर त्यात प्लम्बॅजिन ०.७२ मायक्रोग्रॅम. इथाइल अॅसिटेटच्या २२ मायक्रोग्रॅममध्ये ०.७०. हे मिलिलीटरमागचे आकडे रेणूभाराने भागले तर दोन्हीकडे साधारण पावणेचार मायक्रोमोलर येतं. त्याच प्लेटमध्ये शुद्ध प्लम्बॅजिन लावलं, त्याचा आयसी-५० आला ३.६ मायक्रोमोलर.

म्हणजे दोन अर्कांची वेगवेगळी ‘ताकद’ ही एकाच रेणूची वेगवेगळी मात्रा निघाली. प्रबंधाच्या पहिल्या आवृत्तीत या दोन अर्कांच्या फरकावर दीड पान चर्चा होती. त्यात फ्लॅव्होनॉइड होते, टर्पिनॉइड होते, ‘घटकांचा परस्परपूरक परिणाम’ होता. हा परस्परपूरक परिणाम मला वनौषधींच्या प्रबंधांतला सगळ्यात आळशी शब्दप्रयोग वाटतो. घटक मोजायचे नसले की तो कामाला येतो. परस्परपूरकता खरी असू शकते, पण ती दाखवायला आधी एकेका घटकाचा हिशेब मांडावा लागतो आणि उरलेली बाकी दाखवावी लागते. इथे बाकी उरतच नव्हती.

खात्रीसाठी उलटा प्रयोगही झाला. हेक्झेन अर्कातून स्तंभ-वर्णलेखनाने प्लम्बॅजिनचा पिवळा पट्टा वेगळा काढला आणि उरलेला भाग पुन्हा पेशींवर घातला. ९चा आकडा १५०च्या पलीकडे गेला. काढलेलं प्लम्बॅजिन परत मिसळलं, आकडा परत ९च्या आसपास.

मिथेनॉल अर्क मात्र या हिशेबात बसेना. २४० मायक्रोग्रॅममध्ये ०.४ टक्के म्हणजे ०.९६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५.१ मायक्रोमोलर. इतर दोघांपेक्षा जास्त प्लम्बॅजिन असूनही पेशी तेवढ्याच मरत होत्या. दोन शक्यता होत्या. एक म्हणजे मिथेनॉल अर्कातले फिनॉल पेशींना खरोखर वाचवत असतील. असं असेल तर फार मजेदार गोष्ट, अँटिऑक्सिडंट गुणाने पेशीघातकता कमी होते असा अर्थ निघाला असता. दुसरी शक्यता, आकडाच खोटा असेल.

जांभळ्या रंगाची फसगत

मूळ नोंदवही काढली. मिथेनॉल अर्काच्या मात्रा होत्या ५०, १००, २००, ३०० आणि ४००. जिवंत पेशींचं प्रमाण २००ला ५४ टक्के, ३००ला ४३ आणि ४००ला ५८. शेवटचा बिंदू ‘बाहेर पडलेला’ म्हणून वगळून वक्र काढला होता. आलेख त्यामुळे देखणा झाला. पण मात्रा वाढवल्यावर मेलेल्या पेशी उठून बसत नाहीत, आणि तीनही वेलमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या खळग्यांमध्ये, तोच उलटा कल असेल तर तो अपघात म्हणता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ४००च्या वेलमध्ये पेशी गोल होऊन तरंगत होत्या. तरीही प्लेट जांभळी.

एमटीटी चाचणी पेशी मोजत नाही, ती क्षपण, म्हणजे इलेक्ट्रॉन देण्याची क्रिया, मोजते. टिमोथी मॉसमान यांनी १९८३ साली मांडलेल्या या पद्धतीत पिवळं एमटीटी मीठ जिवंत पेशीतल्या एन्झाइमांमुळे जांभळ्या फॉर्मेझानमध्ये बदलतं आणि ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचतात. जांभळा रंग जास्त म्हणजे जिवंत पेशी जास्त, हे गृहीतक. पण एमटीटीला इलेक्ट्रॉन पेशीनेच द्यावा असा काही नियम नाही. अॅस्कॉर्बिक आम्ल, थायॉल (गंधक-हायड्रोजन गट असलेले रेणू), कॅटेकॉल गट असलेले फिनॉल हे सगळे पेशीविनाही एमटीटी जांभळं करतात. आणि ज्या अर्काने डीपीपीएचला इलेक्ट्रॉन देऊन पहिला नंबर मिळवला, तो एमटीटीलाही देणारच. डीपीपीएचमध्ये चांगला ठरलेला अर्क एमटीटीत निरुपद्रवी दिसण्याकडे झुकतो, तो असा. दोन्ही चाचण्या एकाच प्रबंधात लावताना ही गोष्ट पहिल्या दिवशी मनात यायला हवी, पण दोन्ही कृती दोन वेगळ्या जुन्या प्रबंधांतून उतरवलेल्या असतात आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

तपासायला अर्धा दिवस पुरतो. पेशी नसलेल्या वेलमध्ये माध्यम, अर्क आणि एमटीटी घालून पाहायचं. मिथेनॉल अर्काच्या ४०० मायक्रोग्रॅमला रिकामा वेल स्पष्ट जांभळा झाला. हेक्झेन अर्काच्या कामाच्या मात्रेला काहीही झालं नाही. मग सगळी प्लेट एसआरबीने, म्हणजे सल्फोरोडामिन बीने, पुन्हा केली. हा रंग पेशीतल्या प्रथिनांना चिकटतो, क्षपणाशी त्याचा संबंध नसतो. हेक्झेनचा आकडा जागचा हलला नाही. मिथेनॉलचा २४०वरून १६५वर आला आणि ४००चा बिंदू निमूटपणे खाली गेला. १६५ गुणिले ०.४ टक्के, ०.६६ मायक्रोग्रॅम, साडेतीन मायक्रोमोलर.

तिन्ही अर्क एका रेषेत. फिनॉल पेशींना वाचवतात ही मजेदार शक्यता तिथेच संपली. मला स्वतःला जरा वाईट वाटलं, ती खरी निघाली असती तर हे प्रकरण अधिक रंगतदार झालं असतं.

इथे मापाची एक बाजूची गोष्ट. कच्च्या अर्काला पेशीघातक म्हणायला मिलिलीटरला २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आत आयसी-५० हवा आणि शुद्ध रेणूला ४च्या आत, अशी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या चाळणीतून आलेली रूढ पट्टी आहे. त्या पट्टीने मिथेनॉल अर्क २४०लाही नापास आणि १६५लाही नापास. पहिल्या आवृत्तीत त्याला ‘मध्यम प्रभावी’ म्हटलं होतं.

‘त्यामुळे’ का तुटतं

आता मुख्य गोष्ट. प्लम्बॅजिन पेशी मारतं ते अँटिऑक्सिडंट म्हणून नव्हे. ते बरोबर उलट्या दिशेने काम करतं.

क्विनोन हा इलेक्ट्रॉनचा भुकेला रेणू. पेशीत शिरला की एनएडीपीएचवर, म्हणजे पेशीच्या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूवर, चालणारी रिडक्टेज एन्झाइमं त्याला एक इलेक्ट्रॉन देतात. त्यातून सेमिक्विनोन तयार होतो, तो अस्थिर असतो आणि जवळच्या ऑक्सिजनला तो इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. ऑक्सिजनचा सुपरऑक्साइड हा मुक्त मूलक होतो, आणि क्विनोन पुन्हा मूळ रूपात, पुढचा इलेक्ट्रॉन घ्यायला मोकळा. रहाटाचे पोहरे जसे रिकामे खाली जातात आणि भरून वर येतात तसा एकच रेणू कितीतरी फेरे मारतो. दर फेऱ्याला सुपरऑक्साइड, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि दर फेऱ्याला एनएडीपीएचचा खर्च. जीवाणूशास्त्रात प्लम्बॅजिन आणि त्याचं भावंड मेनाडिओन ही दोन्ही सुपरऑक्साइडचा मारा करून पाहायची नेहमीची साधनं आहेत. ई. कोलायमधली सॉक्स-आर-एस ही बचावाची यंत्रणा अशाच रसायनांनी जागी होते. ज्या रेणूने ऑक्सिडीकरणाचा ताण निर्माण करता येतो म्हणून तो कपाटात ठेवतात, त्याच्या अर्काला प्रबंधात ‘ताण कमी करणारा’ म्हटलेलं असतं.

याच्या जोडीला दुसरी वाट आहे. प्लम्बॅजिनच्या वलयातलं तिसरं कार्बनस्थान मोकळं असतं आणि थायॉल गट तिथे थेट येऊन जोडला जातो. ग्लुटाथायोन हा पेशीचा मोठा थायॉलसाठा अशा रीतीने दोन्हीकडून रिता होतो. काही पेरॉक्साइड आवरण्यात खर्ची पडतो, काही प्लम्बॅजिनलाच चिकटून जातो. प्रथिनांतल्या सिस्टीनवरही हीच जोडणी होते.

मग ते डीपीपीएचमध्ये कमजोर का? त्याच्या पाचव्या स्थानावर फिनॉलचा हायड्रॉक्सिल आहे हे खरं, पण शेजारच्या कार्बोनिलने त्याचा हायड्रोजन हायड्रोजनबंधाने धरून ठेवलेला आहे. शिवाय क्विनोन वलय इलेक्ट्रॉन ओढून घेणारं. दान करण्याची वृत्तीच नाही. डीपीपीएचमधली सगळी कमाई मिथेनॉल आणि पाण्याच्या अर्कातल्या टॅनिन आणि फिनॉलिक आम्लांची.

चित्रकाच्या मुळाला अँटिऑक्सिडंट म्हणणं सरसकट चूक, असा याचा अर्थ घेऊ नये. २००४ साली भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी या मुळाचे अर्क आणि प्लम्बॅजिन यांची अँटिऑक्सिडंट क्षमता अनेक पद्धतींनी तपासून प्रसिद्ध केली आहे. चाचणी कोणती, मात्रा किती, आजूबाजूला पेशीची एन्झाइमं आहेत की नाहीत, यावर एकच रेणू वेगवेगळा वागू शकतो. काचेच्या नळीत सुपरऑक्साइड कमी करणारा रेणू पेशीत सुपरऑक्साइड तयार करू शकतो, यात विरोधाभास काही नाही. विरोधाभास ‘असून त्यामुळे’ लिहिल्यावर तयार होतो.

अँटिऑक्सिडंट म्हटलं की कर्करोगाला मारक, ही समजूत आली कुठून तेही बघायला हवं. मुक्त मूलकांमुळे डीएनएला इजा होते, इजेतून कर्करोग होऊ शकतो, म्हणून मुक्त मूलक टिपणारा पदार्थ कर्करोग टाळेल, अशी ती साखळी. ही साखळी टाळण्याबद्दल बोलते, झालेल्या गाठीच्या पेशी मारण्याबद्दल नाही. आणि टाळण्याबाबतही ती माणसांवर ताणून पाहिली तेव्हा तुटली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निकाल १९९४ साली आले. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, १८ टक्क्यांनी वाढला. नळीतल्या आकड्यांबद्दल बोलायचं तर अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ओरॅक मूल्यांची, म्हणजे नळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची, आपली यादी २०१२मध्ये काढूनच घेतली. नळीतल्या मूल्याचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नाही आणि त्या आकड्यांचा जाहिरातीत गैरवापर होतो, हे त्यामागचं कारण.

एन-अॅसिटाइल सिस्टीनचा सापळा

दुरुस्त आवृत्तीत ‘पेशी ऑक्सिडीकरणाच्या ताणाने मरतात’ असं लिहायचं ठरलं आणि पुरावा म्हणून पेशींना आधी ५ मिलिमोलर एन-अॅसिटाइल सिस्टीन देऊन हेक्झेन अर्क घातला. पेशी वाचल्या. असा आलेख शेकडो शोधनिबंधांत सापडेल आणि बहुतेक ठिकाणी चर्चा तिथेच थांबते.

पण एन-अॅसिटाइल सिस्टीन हाही थायॉल आहे. तो मुक्त मूलक टिपायच्या आधीच प्लम्बॅजिनच्या तिसऱ्या स्थानावर जाऊन बसतो. ५ मिलिमोलर थायॉलसमोर पावणेचार मायक्रोमोलर प्लम्बॅजिन म्हणजे हजारपटीहून जास्त माणसं एका माणसाला धरायला उभी. पेशीपर्यंत मूळ रेणू पोचतोच किती? पेशी वाचल्या यावरून ताण हे कारण सिद्ध होत नाही. थायॉल दिला की प्लम्बॅजिन निष्प्रभ होतं इतकंच कळतं.

फरक करायला थायॉल नसलेले रक्षक हवेत. ट्रोलॉक्स हा थायॉल नसलेला अँटिऑक्सिडंट घालून पाहा. माध्यमात कॅटालेज घालून पाहा, कारण कॅटालेज हायड्रोजन पेरॉक्साइड फोडतं आणि प्लम्बॅजिनला हात लावत नाही. त्यांनीही पेशी वाचल्या तर पेरॉक्साइडकडे बोट दाखवता येईल. त्यांनी न वाचता फक्त थायॉलने वाचल्या तर प्रथिनांना थेट चिकटण्याची वाट मोठी. हा प्रयोग मिथेनॉल अर्कासाठीही करायला सांगितला, वेगळ्या कारणाने. काही फिनॉल पेशींच्या माध्यमात नुसते ठेवले तरी हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. लाँग, क्लेमेंट आणि हॅलिवेल यांनी २००० साली हे दाखवलं, चहातल्या आणि इतर फिनॉलवर. पेशी मरतात त्या बाटलीतल्या पेरॉक्साइडने, आणि श्रेय जातं वनस्पतीला.

निवडकपणाचा प्रश्न

हेलावर ९ आणि फायब्रोब्लास्टवर १४. गुणोत्तर दीडच्या आसपास. याला निवडकपणा म्हणवत नाही. निदान दोन-तीनच्या वर गुणोत्तर हवं असं बहुतेक जण मानतात, आणि एका कर्करोगी वाणाची तुलना एका निरोगी वाणाशी करून काही ठरवणंच धाडसाचं. हेला पेशी भराभर विभागतात, फायब्रोब्लास्ट सावकाश. ४८ तासांत वाढ थांबवणारं कुठलंही विष पहिलीवर जास्त चालल्यासारखं दिसेल. कातडीवर फोड आणणारं मूळ त्वचेच्या पेशींना सोडेल, अशी अपेक्षा मुळात कुणी केली हा मला पडलेला प्रश्न.

घातकपणा हा काही दोष मानून मूळ टाकून द्यायचं नसतं. पोडोफायलमच्या मुळातला राळेसारखा भागही पेशींना विषारीच. त्यातलं पोडोफायलोटॉक्सिन पेशीविभाजनातल्या ट्यूब्युलिन या प्रथिनाला बांधतं. रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर शर्करेचा गट चढवून एटोपोसाइड बनवलं, तेव्हा लक्ष्यच बदललं. ते टोपोआयसोमरेज-दोन या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमवर काम करू लागलं आणि १९८३मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झालं. मूळ अर्काचा आयसी-५० किती कमी होता, यावर ते ठरलं नाही. रेणू ओळखला, बदलला, लक्ष्य शोधलं, मात्रा ठरवली, मग ठरलं.

दुसऱ्या खेपेचं काय झालं

पहिली भुकटी संपल्यावर दुसरी दळली. यावेळी मुळं ६० अंशांच्या भट्टीत सुकवून सॉक्सलेटमध्ये, म्हणजे गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या उपकरणात, तासन् तास उकळली. हेक्झेन अर्काचा आयसी-५० आला १९. आधीच्या निम्म्याहून कमी ताकद. पहिल्या आवृत्तीच्या काळात हे घडलं असतं तर ‘ऋतुमानानुसार बदल’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. यावेळी आधी प्लम्बॅजिन मोजलं: ३.८ टक्के. १९ गुणिले ३.८ टक्के, पुन्हा ०.७२ मायक्रोग्रॅम.

प्लम्बॅजिनचा वितळणबिंदू ८० अंशांच्याही खाली, आणि ते वाफेबरोबर उडतं. त्याला उष्णता दाखवणं म्हणजे ते खिडकीबाहेर पाठवणं. सावलीत वाळवून, गार द्रावकात भिजवून, कमी दाबाखाली आटवून काढलेला अर्क आणि उकळून काढलेला अर्क यांची तुलना करायची असेल तर प्रत्येक खेपेसोबत प्लम्बॅजिनचा आकडा छापलाच पाहिजे. त्याचबरोबर मूळ कुठल्या जातीचं हेही पक्कं हवं. लाल चित्रकाच्या मुळात प्लम्बॅजिन पांढऱ्यापेक्षा जास्त असतं आणि वाळलेले तुकडे नुसत्या नजरेने ओळखणं कठीण. वनस्पतिसंग्रहात नमुना जमा केल्याची नोंद नसलेला अर्क म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट, असं परीक्षकांनी अहवालात लिहिलं होतं.

दुरुस्त निष्कर्ष दोन वाक्यांचा झाला. मिथेनॉल आणि पाण्याच्या अर्कांत डीपीपीएच टिपणारे फिनॉल आहेत, अॅस्कॉर्बिक आम्लाच्या तुलनेत कितीतरी दुबळे. हेक्झेन, इथाइल अॅसिटेट आणि मिथेनॉल अर्कांची हेला पेशींवरची घातकता त्यांच्यातल्या प्लम्बॅजिनच्या मात्रेने पूर्णपणे समजावता येते आणि निरोगी पेशीही तिच्यातून फारशा सुटत नाहीत. ‘प्रबळ’, ‘त्यामुळे’ आणि ‘निवडकपणे’ हे तीनही शब्द गेले.

एक प्रयोग मात्र पुढच्या प्रकल्पासाठी राखून ठेवला, आणि मला वाटतं तो या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा. शोधनात चित्रकमूळ चुन्याच्या निवळीत भिजवतात. आम्लारीमुळे प्लम्बॅजिन लालसर-जांभळं होऊन पाण्यात उतरतं, निवळीला रंग चढतो आणि मुळातलं प्लम्बॅजिन घटतं. आम्लारीयुक्त पाण्यात फिनॉलही भराभर ऑक्सिडाइझ होतात. म्हणजे शोधित मुळाचा अर्क पेशीघातकतेच्या रकान्यात कमी पडणार आणि डीपीपीएचच्या रकान्यातही बहुधा घसरणार. पोटात घ्यायला जी कृती त्या मुळाला बरी करते, तीच आपल्या तक्त्यात त्याला दोनदा नापास करेल. तो तक्ता मांडायचा तर तिसरा रकाना आतड्याच्या अस्तराच्या पेशींवरच्या घातकतेचा हवा, आणि त्यासाठीची मात्रा प्रत्यक्ष वटीत किती प्लम्बॅजिन उतरतं ते मोजून ठरवायला हवी.